आजोबांच्या गालावरचं पाणी

दुआनबाईंनी सकाळी सगळ्यांच्या आधी उठून घरातल्या झाडून साऱ्या खिडक्या उघडल्या. होणाऱ्या सुनेच्या घरी पहिलाच मुक्काम, आपला थोडा हातभार लागावा एवढाच भाबडा हेतू. बाई चीनच्या वायव्येकडल्या लानझोऊच्या, पार वाळवंटाच्या अंगाच्या. तिथं खिडकी उघडली की धुतलेली चादर बघता बघता कडक वाळते. इथं दक्षिणेत फोशानला हवा जरा दमट लागली, म्हणून त्यांनी घराला वारा दाखवला. तोही मार्चमध्ये, समुद्राकडचा वारा सुटलेला असताना! फोशानमधलं शेंबडं पोरसुद्धा असं करणार नाही.

बाई परत जरा आडव्या झाल्या. उठून पाहतात तर भिंतींवरून पाणी ओघळतंय, छताला थेंब लोंबतायत. आरशात डोकावल्या, तर स्वतःचं तोंडच नाही, नुसतं पांढरं. आणि ओल्या फरशीवर अनवाणी पावलं उमटलेली, थेट आजोबांच्या तसबिरीपर्यंत.

"दिंगशान," त्यांनी मुलाचा दंड घट्ट धरला, "घरात कोणीतरी चालतंय रे!"

"काकू, ती तुमचीच पावलं आहेत," होणारी सून सूतयिंग म्हणाली. "तसबिरीशेजारची खिडकी तुम्हीच उघडलीत ना?"

बाई वरमल्या, पण नजर तसबिरीवरून हटेना. त्यातून आज सोयरीक पक्की व्हायची होती. सूतयिंगला आजी-आजोबांनीच वाढवलेलं. आजोबांना जाऊन वर्ष झालेलं. त्यांच्यापुढे उदबत्ती लावून मुलाने वाकायचं, मग लग्न ठरलं म्हणायचं. लाय आजींनी उदबत्ती पेटवली. विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. दिंगशान बिचारा तसाच वाकला, पाय घसरून सपशेल पालथा पडला, आणि त्याच क्षणी आजोबांच्या डाव्या डोळ्याखालून एक थेंब हळूच गालावर उतरला.

"रडतायत!" दुआनबाई किंचाळल्या. "त्यांना हे लग्न नकोय!"

"आई, काहीतरीच काय!" दिंगशान फरशीवरूनच म्हणाला.

"तू गप्प बस! मेलेल्या माणसाचा शब्द मोडून मला सून नको. चल, बॅग भर."

सूतयिंगचा चेहरा उतरला. एवढी वर्षं वाट पाहून हा दिवस उगवला होता आणि तो असा ओलाचिंब!

"अहो दुआनबाई, बसा खाली," लाय आजी कडाडल्या. "भिंती हिवाळाभर गारठलेल्या. समुद्रावरून कोमट, ओली हवा येते आणि त्यांना चिकटते. तुमच्याकडे समुद्रच पोचत नाही, मधे डोंगर आडवे. आमच्याकडे तो घरात येऊन बसतो. दरवर्षीचं आहे हे!"

"भिंतींचं पटलं. पण माणूस?"

"माणूस कुठला? काच आहे ती! उभ्या जन्मात ह्यांच्या डोळ्याला पाणी आलं नाही. माझी आई गेली तेव्हा म्हणाले, जेवायला काय आहे?"

मग खिडक्या गच्च लावल्या. हवेतलं पाणी ओढणारं यंत्र घरघरू लागलं. सूतयिंगने उदबत्त्या केसांच्या ड्रायरने वाळवल्या. दुपारपर्यंत भिंती कोरड्या झाल्या, आरशात माणसं परतली, आजोबांचा गालही सुकला. उदबत्ती झकास पेटली. दिंगशान पुन्हा वाकला, या खेपेला न पडता. दुआनबाईंनी काचेवरून बोट फिरवून पाहिलं. कोरडी ठणठणीत!

"हवाच होती म्हणायची," त्या ओशाळून हसल्या. "मुलगी आमची झाली हो. पुढच्या महिन्यात लानझोऊला घेऊन जातो."

निघताना सगळे दारात बूट घालत होते. सूतयिंग दुआनबाईंची बॅग उचलून धरत होती. लाय आजी तसबिरीला पाठ टेकून उभ्या होत्या. खिडक्या बंद होत्या, यंत्र चालू होतं. आणि त्यांच्या मानेवर टपकन एक थेंब पडला. कोमट.

आजींनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांचेही डोळे भरून आले होते. त्या तसबिरीसमोर आणखी ताठ उभ्या राहिल्या.

"काय झालं हो आजी?" दारातून दुआनबाईंनी विचारलं.

"काही नाही! या तुम्ही, गाडी चुकेल!"

मग हात मागे नेऊन त्यांनी बाहीने चाचपत काच पुसली आणि त्या दातांतल्या दातांत पुटपुटल्या, "पुरे आता. पोर लांब जायची म्हणून मलाही जड जातंय. पण सगळं हवेवर ढकललंय मी, त्या जिना उतरेपर्यंत तरी दम धरा!"