रविवारसाठी अर्जुनसाल

लग्नाला पाच महिने झाले होते आणि निशिगंधा आणि प्रज्वल रोज दुपारी साडेतीनला चाकणच्या कंपनीच्या गेटवर भेटत. ती लॅबमधली पहिली शिफ्ट संपवून बाहेर पडायची, तो मशीनवरच्या दुसऱ्या शिफ्टसाठी आत शिरायचा. मधे चार मिनिटं. थेरगावच्या खोलीवर तो पोचे तेव्हा ती झोपलेली असे, ती निघे तेव्हा तो.

"भाजी कशी झाली होती?"

"मस्त. तू समोर असतीस तर अजून एक भाकरी खाल्ली असती."

निदान रविवार तरी दोघांचा असायला हवा होता. पण लोखंड कापताना मशीनवर सोडायचं कूलंट शनिवारपर्यंत नासायचं, हॉलभर घाण वास सुटायचा आणि टाकी उपसायला रविवारी प्रज्वललाच बोलावणं यायचं.

"वास जंतूंमुळे येतो. जंतू मेले की रविवार आपला," निशिगंधा म्हणाली.

डांगे चौकातल्या काष्ठौषधींच्या दुकानातून तिने अर्जुनाची साल आणली, उकळली, गाळली आणि लॅबमध्ये कूलंटमधले जंतू वाढवलेल्या बशीत एक थेंब सोडला. दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती चौदा मिलीमीटरचा स्वच्छ गोल होता. एकही जंतू नाही. त्या गोलात तिला अख्खा रविवार दिसला: उशिरा उठणं आणि दोन कप चहा, एकाच वेळी.

शुक्रवारी गेटवर तिने टाकीत ओतायला पाच लिटर काढ्याचा कॅन प्रज्वलच्या हातात दिला.

"साहेबांना विचारायला नको?"

"विचारलं तर समिती बसेल. तोवर आपल्याला नातवंडं होतील."

"नातवंडांसाठी आधी एकत्र सुट्टी लागते, बाई!"

शनिवारी वास नव्हता. प्रज्वल टाकीवर वाकून अत्तर हुंगावं तसा हुंगत होता. मग त्याची नजर ट्रेकडे गेली. रात्रभर ओले पडलेले चारशे शाफ्ट, कालच कापलेले लोखंडी दांडे, शाईसारखे काळे झाले होते. तिची बस सुटायच्या आत तो धावत गेटवर आला.

"टॅनिन!" निशिगंधाने कपाळावर हात मारला. "सालीतलं टॅनिन लोखंडाला लागलं की काळंच होतं."

"तुला माहीत होतं?"

"होतं रे. रविवारच्या नादात विसरले."

मॅनेजर श्रीपाद साहेब कडाडले, "उद्या दोघांनी यायचं! हाताने घासायचे. सगळे चकचकीत होईपर्यंत दर रविवारी!"

दोघांनी माना खाली घातल्या. साहेबांना वाटलं, शरमेनं.

रविवारी हॉलमध्ये दुसरं कोणी नव्हतं. शेजारी शेजारी स्टूल, एकच डबा.

"हळू घास ना," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत सत्तर झाले. "राहिले तीनशे तीस. म्हणजे अजून पाच रविवार," तिने हिशेब केला आणि एकाहत्तरावा परत खाली ठेवला.

सोमवारी साहेबांनी तिला बोलावलं. "घासलेल्यांना रात्रीत गंज धरला. काळ्यांना नाही. कसं काय?"

खोटं बोलायचं शिक्षण तिला नव्हतं. "साल अँटिऑक्सिडंटही आहे, सर, म्हणजे ऑक्सिजनला रोखणारी. तो काळा थर गंज अडवतोय असं दिसतंय."

"वा! मग उरलेले घासू नका. गिऱ्हाइकाला काळे चालतील, मी विचारलंय. टाकीही नासत नाही, म्हणजे रविवारी प्रज्वलचं काम नाही."

तिला हसू आवरेना.

"काढा शिळा चालतो का?"

"नाही सर, ताजाच हवा. तीन दिवसांत गुण निम्मा होतो. मोजलाय मी."

"मग सोमवारी सकाळी टाकीत ओतायला ताजा लागणार. दर रविवारी येऊन तेवढा करून जात चला."

साडेतीनला प्रज्वल गेटवर नाचतच आला. "रविवारची सुट्टी लागली मला!"

"कळलं. मला ड्यूटी लागली."

कंपनीच्या बसने हॉर्न दिला. चार मिनिटांतली तीन संपली होती. प्रज्वल तिच्याजवळ सरकून हळूच म्हणाला, "अगं, थोडी कमी गुणाची साल नव्हती का दुकानात?"