माईंचा कंप

‘हिरवी गं वायर, विजेची माहेरवाट;
वाट तोडशील, लेका, तर धरील तुझा हात.’

लाइटमनची आत्या स्टुडिओत केबल गुंडाळता गुंडाळता हे गुणगुणायची. आत्या गेली, स्टुडिओचे मालक बदलले. ओळ तेवढी लाइटमनच्या कानात राहिली. कानात राहिलेल्या ओळींची कार्यालयीन दखल घेतली जात नाही.

दृश्य साधं होतं. अनवाणी आई रस्त्यावरच्या लोखंडी दिव्याच्या खांबाला टेकून दूर गेलेल्या मुलाला हाक मारते. खांबाच्या आतली वायर कुठेतरी घासून सोलली होती. दिवा लावला, की मेन बोर्डातला स्विच खट्कन पडे आणि सगळा सेट अंधारात.

“खांब उघडून वायर बदलतो. अर्धा दिवस द्या,” लाइटमन म्हणाला.

“बिघाड दिसतोय का कुठे?” मॅनेजरनं विचारलं.

“स्विच पडतोय ना, साहेब.”

“मग दोष स्विचचा. खांब बिचारा उभा आहे!”

रीतसर बैठक झाली. स्विच ‘अतिसंवेदनशील व कामात व्यत्यय आणणारा’ ठरला. मग सगळीकडे करतात तोच उपाय झाला: खांबात उतरलेली वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची हिरवी वायर कापली. स्विच पडेना, दिवा झकास लागला आणि मॅनेजरनं पेढा मिळाल्यासारखा चेहरा केला.

खांबाला रंगाऱ्याचा हात लागला, तेव्हा त्यानं जी शिवी हासडली ती अख्ख्या सेटनं ऐकली. व्यवस्थापन तत्पर होतं. सर्वांना रबरी चपला वाटल्या गेल्या आणि खांबावर पाटी लागली: ‘कामाव्यतिरिक्त सलगी नको.’

आईचं मात्र कामच सलगीचं होतं, तेही अनवाणी. पहिल्या नटीनं तक्रार केली. तिला असहकारासाठी काढलं. तिच्या जागी माईंना आणलं. माई जन्मभर गर्दीच्या दृश्यांत उभ्या राहिलेल्या, बहुधा पाठमोऱ्या. त्यांनी खांबाला हात लावला मात्र, नखशिखांत थरथरल्या. डोळ्यांना धार लागली. हाक घशातच फुटली.

दिग्दर्शक खुर्चीतून उठला. “वा! याला म्हणतात अंतरीचा कंप!”

बातमी पसरली. माईंचा कंप बघायला पाहुणे येऊ लागले. अभिनयाचे एक शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन आले आणि म्हणाले, “बघा, सगळं आतून येतंय.” तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होतं.

चहाच्या वेळी लाइटमननं हळूच विचारलं, “माई, हाताला काही जाणवतं का हो?”

“भूमिका जाणवते रे,” माई म्हणाल्या आणि कप दोन्ही हातांनी धरला, तरी चहा सांडलाच.

शेवटच्या दृश्यासाठी दिग्दर्शकाला आणखी आर्तता हवी होती. रस्त्यावर पाइपनं पाणी मारलं गेलं. माईंनी आता खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारायची होती. ओल्या जमिनीवर, अनवाणी. दोरीपलीकडे पाहुणे मोबाइल सरसावून उभे राहिले.

“लाइट!”

दिवा लागला नाही. मेन स्विचवर लाइटमनचा हात होता आणि कानात आत्या.

“लावणार नाही, साहेब. हिरवी वायर कापलीय. मीच कापली. आता लावला तर माई जातील.”

“हे आधी सांगायचं नाही?” मॅनेजर कडाडला.

“कापताना टॉर्च तुम्हीच धरला होता.”

मॅनेजर आपल्या चपलांकडे पाहू लागला. दिग्दर्शकाचा आवाज मात्र एकदम पोरका झाला. “म्हणजे... तो कंप?”

सगळ्यांनी माईंकडे पाहिलं. विझलेल्या खांबाला त्यांनी अजून मिठी मारलेली होती. हात अगदी स्थिर होते.

“मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,” त्या म्हणाल्या.

“मग बोलला का नाहीत, माई?” लाइटमनला रडूच फुटलं.

माईंनी दोरीपलीकडे, मोबाइल धरून उभ्या असलेल्या आपल्या सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली.

“जन्मभर अभिनय केला बाबा, कुणी मान वर करून बघितलं नाही. वीज चावली, तेव्हाच हे ‘वा’ म्हणाले.”