पाट दिसतो

नामदेवतात्यांनी मला फसवलं. शब्द मला दिला आणि जमीन लेकीला दिली. हे आधीच लिहून ठेवतो, कारण तात्यांविषयी बोलायला लागलं की ऐकणारा हसायला लागतो आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. मला तो राहू द्यायचा नाही.

आता तात्या जेवतात कसे ते सांगतो.

ताटात ज्वारीची अख्खी भाकरी ठेवायची. मोडायची नाही. तिच्या मधोमध, डावीकडून उजवीकडं, बोटानं एक नागमोडी रेघ दाबायची. ती रेघ म्हणजे पाट, आमचा नीरेचा डावा कालवा. रेघेच्या खालच्या भाकरीवर आमटी ओतायची; ती बागायत. वरची अर्धी कोरडी, ती जिरायत. उजव्या हाताला वरच्या कोपऱ्यात ताकाची वाटी, ते उजनीचं पाणी, म्हणजे तिकडं इंदापूर आलं. ठेच्याचा गोळा म्हणजे एमआयडीसी. अगदी खालच्या कडेला, नदीच्या अंगाला मिठाची चिमूट; ती पाणी पाजून पाजून खारावलेली रानं. असे दोन तालुके मांडून झाले की तात्या हात जोडतात आणि वरची कोरडी अर्धी भाकरी आधी खातात. नुसती. आमटीला बोट लावत नाहीत. ती संपली की मग पाटाखाली उतरतात.

"आधी वरची," म्हणतात. "खालच्यांना काय, कवाबी मिळतंय."

इंदापूरच्या एका लग्नात पंगतीला मी त्यांच्या शेजारी होतो. भाकरी नव्हती, म्हणून त्यांनी भातात रेघ ओढली. वाढप्या आला आणि त्यानं वरण नेमकं वरच्या अंगाला ओतलं. तात्या त्याच्याकडं बघत राहिले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाबा, पाणी चढत न्हाय." वाढप्याला वाटलं वरण कमी पडलं, त्यानं आणखी एक पळी ओतली, तीही वरच. तात्यांनी ताट सरकवलं आणि मठ्ठा पिऊन उठले. नवरीचा बाप हात जोडत मागं धावला. काय चुकलं ते त्याला अजून कळलेलं नाही.

पाणी चढत नाही. तात्यांचं सगळं शहाणपण या तीन शब्दांत आहे. ते पाटकरी होते. पाण्याच्या पाळ्या लावायच्या, पाटातून रानाकडं फुटणाऱ्या चाऱ्यांची दारं उघडायची आणि पाडायची, सायकलवरून पाटाच्या काठानं फिरायचं, यात त्यांचा जन्म गेला. बाहेरच्या माणसाला म्हणून सांगतो: पाट उताराच्या कडेकडेनं जातो. त्याच्या खालच्या रानाला पाणी मिळतं, वरच्याला मिळत नाही. वरचं रान पाटाला खेटून असलं तरी नाही. खाली पणदऱ्याकडं ऊस, संकरित गाई, दूध घालायला मोटरसायकलची रांग. वर मोरगावच्या वाटेला बाजरी, शेळ्या आणि टँकरची वाट. मध्ये एका उडीचं अंतर. सोयरिकीच्या वेळी मात्र ती उडी कोणाला मारता येत नाही.

म्हणून तात्या नव्या माणसाला नाव विचारत नाहीत. "वर का खाली?" एवढंच विचारतात. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला विचारलं. बँकेत बदलून आलेल्या साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, मी लातूरचा. तात्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "म्हंजे समदंच वर." कारखान्यात कामाला आलेल्या एका बिहारी माणसाला विचारलं, गंगेच्या वर का खाली? तो म्हणाला, किनारे पे. त्या दिवसापासून तात्या त्याला काठावरचा म्हणतात आणि फार मान देतात. डॉक्टरांनी एकदा विचारलं, दुखतंय कुठं? तात्यांनी करदोट्याला बोट लावलं, म्हणाले, "हितनं खाली. वरचं बरं हाय." डॉक्टर बाहेरचे. त्यांनी उगाच दोन तपासण्या लिहून दिल्या.

मी वरचा. हे मी कधी लपवलं नाही, पण सांगतही फिरलो नाही. बोलायला शिकलो शेळ्यांच्या बाजारात. पंचवीस वर्षांपूर्वी गाव सोडलं, बारामतीत आलो, जुन्या ट्रॅक्टरच्या खरेदी-विक्रीत पडलो. कोणी हात धरून वर आणलं नाही. ट्रॅक्टरचा आवाज ऐकून मी त्याच्या पहिल्या मालकाचा स्वभाव सांगतो, आणि घासाघीस करताना समोरचा कधी थकणार हे त्याच्या आधी मला कळतं. एमआयडीसीच्या रस्त्याला माझं आवार आहे. त्याच्या भिंतीला लागून तात्यांची वीस गुंठे जमीन. पाटाखालची. आवार वाढवायला मला तीच पाहिजे होती.

अकरा वर्षं मी ती मागत होतो.

दर बुधवारी सकाळी जायचं, ओट्यावर बसायचं, बोलायचं. तात्या ऐकायचे आणि चहा ठेवायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला कंपनीत. चहा, भाकरी सगळं स्वतःच. त्या चहालाही पाटाचा कायदा. पाण्याची पाळी टेलपासून सुरू होते, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाला असतो त्याला आधी पाणी, नाहीतर त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तसा ओट्यावर सगळ्यात शेवटी बसलेल्याला पहिला कप. मी मात्र कुठंही बसलो, अगदी चुलीला टेकून बसलो, तरी पहिला कप मला. मी एकदा हसून विचारलं तर म्हणाले, "तुमी टेलचंच." मला वाटलं, गिऱ्हाईक म्हणून मान देतायत. बरं वाटलं. भाव मात्र तसूभर सरकला नाही.

गेल्या दसऱ्याला मी कंटाळलो. सोनं दिलं, पाया पडलो आणि सांगितलं, तात्या, आज शेवटचं विचारतो. आता नाही म्हणालात तर ही पायरी परत चढणार नाही. तात्या बराच वेळ आपट्याच्या पानाची घडी घालत आणि उलगडत बसले. मग म्हणाले, "घ्या."

मी लगेच विसार काढला. त्यांनी माझा हात धरून माझ्याच खिशात परत घातला. "शब्द हाय की," म्हणाले. इंजिन सुरू करून बघितल्याशिवाय मी कुणाच्या ट्रॅक्टरला हात लावत नाही. तो मी, पावती न घेता घरी आलो आणि पेढे वाटले.

संक्रांतीनंतर तलाठ्याकडं गेलो तेव्हा कळलं. वीस गुंठ्यांचं बक्षीसपत्र झालेलं. शालन, तात्यांची थोरली लेक, तिच्या नावावर.

त्या दिवशी मी ओट्यावर उभा राहून जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या बायका पोरांना आत घेऊन गेल्या. तात्यांनी मला पुरतं बोलू दिलं. चहा ठेवला.

"लेकीचंच व्हतं ते," म्हणाले.

"मग मला शब्द का दिला?"

"तुमी म्हणला, परत पायरी चढणार न्हाय."

"म्हणून?"

"बुधवारी कोण येतंय मग?"

मी चहा न घेता निघालो. अकरा वर्षांत पहिल्यांदा. पहिला कप ओट्यावर तसाच राहिला.

आता शालनचं सांगायला पाहिजे. ती दिली माझ्याच गावात, माझ्याच भावकीत. तेव्हा मी बाविशीचा होतो आणि चांगलं बोलतो म्हणून बैठकीला मला नेलं होतं. तात्यांना पाटाखालचा सगळा भूगोल पाठ. कुठल्या चारीला कुठं भगदाड पडतं ते झोपेत सांगतील. पण पाटकऱ्याचं जग पाटाच्या वरच्या काठाला संपतं. त्या पलीकडं ते कधी गेलेच नव्हते. बैठकीत त्यांनी देण्याघेण्याचं काही विचारलं नाही. एकच विचारलं: पाट कुठं हाय? आमच्याकडचं कुणीतरी म्हणालं, "घरावरनं पाट दिसतो." तात्या खूश झाले. त्यांच्या हिशेबी पाट दिसतो म्हणजे पाय सोडून बसलं की पाण्याला लागतात. स्थळ बघायला जायचं त्यांनी मनातसुद्धा आणलं नाही. सुपारी फुटली.

पाट दिसत होता, हे खरंच आहे. माळवदावर चढलं की लांब खाली, उन्हात, चांदीच्या तारेसारखा.

पहिल्या नातवाच्या बारशाला तात्या प्रथम आमच्या गावात आले. शालन डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढत होती. तात्या माळवदावर गेले, चौफेर बघितलं, खाली उतरले आणि न जेवता निघून गेले. त्यानंतर ते कधी पाटाच्या वर गेले नाहीत. शालन पंचमीला, दिवाळीला माहेरी येते; ती आली की तात्या सायकल काढतात आणि दिवसभर पाटावर जाऊन बसतात. लेकीसमोर बसून ते जेवलेले नाहीत.

मी शालनकडं गेलो ते जमीन विकत मागायला. तिला ती वीस गुंठे काय कामाची? पंचवीस वर्षांनी गावची वाट धरली. ओळखू येईना. टेकाडाच्या अंगाला कागद अंथरलेलं शेततळं, त्याच्याखाली डाळिंबाची बाग, ओळीनं ठिबकच्या नळ्या. शालननं स्वयंपाकघरातला नळ सोडून तांब्या भरून आणला. तांब्या देताना ती त्या नळाकडं अशी बघत होती की मलाही बघावं लागलं.

मी बोलायला सुरुवात केली. जमीन लांब आहे, तिथं कोण राबणार, मी रीतसर घेतो. तिनं सगळं ऐकून घेतलं. बापासारखीच.

"भावजी, मला नकोय ती जमीन," ती म्हणाली. "पण इकणार न्हाय. तात्यांना देऊ द्या. अठ्ठावीस वरसं त्यो माणूस कोरडी भाकरी खातोय. मी सांगितलं तर ऐकायला थांबत न्हाय, सायकल काढतोय. तुमी सांगा. म्हणावं, पाणी चढलं. खालच्या हिरीवरनं पायपानं आणलंय. म्हणावं, शालन सुखी हाय."

मी म्हणालो, सांगतो. पण माझं काय? मला शब्द दिला होता. शब्दाला काही किंमत आहे का नाही?

शालन हसली. रागानं नाही, दमलेल्या माणसासारखी.

"पाट दिसतो, असं कोण म्हणलं व्हतं, ठावं हाय न्हवं?"

मी म्हणालो, बैठकीत पंधरा माणसं होती.

"तुमी म्हणलावता. तात्यांच्या म्होरंच बसला व्हता. त्यांना पहिल्यापासनं ठावं हाय. ज्या दिवशी तुमी पहिल्यांदा जमिनीला आला, त्या दिवशी मी म्हायेरीच व्हते. मला म्हणाले, आज त्यो पाट दिसणारा आलाता. एवढंच म्हणाले आन् गेले पाटावर."

मी तांब्यातलं उरलेलं पाणी प्यायलो. गोड होतं.

परत येताना गाडी चालवत मी स्वतःशी वाद घालत होतो. मी खोटं बोललो नव्हतो. पाट दिसत होता. बाजारात शेळी विकताना कोणी तिचा लंगडा पाय आधी दाखवतं का? पण वाद घालायला समोर कोणी नसलं की माझी अक्कल चालत नाही, हे त्या रस्त्याला मला कळलं.

तात्या जेवायला बसले होते. भाकरी मांडलेली, रेघ ओढलेली, खालच्या अर्ध्यावर आमटी. वरच्या कोरड्या भाकरीचा तुकडा मोडून हातात. मी चप्पल न काढताच सांगितलं, "शालननं निरोप दिलाय. पाणी चढलं."

त्यांचा हात थांबला. मी विहीर, पाइप, शेततळं, स्वयंपाकघरातला नळ, सगळं सांगितलं. डाळिंबाच्या ओळी मोजल्या नव्हत्या, त्याही ठोकून सांगितल्या. ते वर न बघता ऐकत होते. मग त्यांनी आमटीची वाटी उचलली आणि रेघेच्या वर, जिथं माझं गाव येतं तिथं, थोडीशी सोडली. आमटी भाकरीत शिरेपर्यंत दोघंही बघत बसलो.

"मुरली," तात्या म्हणाले.

मग उठून चहा ठेवला आणि पहिला कप माझ्यापुढं सरकवला.

जमिनीचं मी सोडून देणारा माणूस नाही. ते माझं मी बघीन. माझा सवाल वेगळाच आहे. या माणसाला सगळं माहीत होतं. अकरा वर्षं, दर बुधवारी, मी त्यांच्यासमोर बसून गोड बोलत होतो, आणि ते ऐकत होते. एकदाही मला शिवी दिली नाही, ओट्यावरून उठवलं नाही, लेकीचं नाव काढलं नाही. दहा माणसांत पहिला कप मला दिला. का दिला? मी काय समजायचं त्यातून? फसवायचं होतं तर सरळ फसवायचं, तो व्यवहार मला कळतो. हा कळत नाही. याचा जबाब नामदेवतात्यांनी द्यायला पाहिजे, आणि मला तो तोंडी नको, लेखी पाहिजे. येत्या बुधवारी मी जाऊन बसणार आहे. जबाब मिळेपर्यंत दर बुधवारी बसणार आहे.