क्लीनर साइडचा नट

प्रेमदास ड्रायव्हरनं जावयाचा ट्रक अंगणात आणून उभा केला, त्याला एक चक्कर मारली, चारी टायर अंगठ्यानं दाबून पाहिले आणि मगच रिमोट हातात घेतला. ट्रक दीड हात लांब होता, बॅटरीवर चालायचा आणि त्याच्यात बसायचं म्हटलं तर एखादं मांजर कसंबसं बसलं असतं. पण गाडी ती गाडी. बत्तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस चक्कर मारल्याशिवाय गाडी सुरू करत नसतो.

जावई स्वप्निल पुण्यात कंपनीत होता. लग्नानंतरची पहिली दिवाळी म्हणून पुजाला घेऊन तांड्यावर आला होता. स्वभावानं गरीब, पण बोलणं इतकं कमी की चार दिवस त्याच्याशी काय बोलावं हेच सासऱ्याला सुचेना. पीकपाणी काढलं तरी तो ‘हो’ म्हणायचा, राजकारण काढलं तरी ‘हो ना’ म्हणायचा. पाचव्या दिवशी सकाळी त्यानं बॅगेतून हा ट्रक काढला. उद्या नांदेडला असल्या गाड्यांची शर्यत आहे, त्यासाठी आणलाय, म्हणाला. आणि औंढ्याला दर्शनाला निघता निघता रिमोट सासऱ्याच्या हातात दिला.

“मामा, आम्ही येईपर्यंत चालवून बघा. खऱ्या ड्रायव्हरच्या हातात ही कशी पळते ते मलाही कळू द्या.”

प्रेमदासला इतकं भरून आलं की विचारू नका. पोरगी सासरी धाडतानासुद्धा त्यानं डोळे पुसले नव्हते, ते आता पुसले.

गाडी पळाली छान. लिंबाच्या झाडाला वळसा, गोठ्यापर्यंत सरळ, गोठ्यापासून रिव्हर्स. रिव्हर्स घेताना प्रेमदास मान मागं वळवून स्वतःच्याच पाठीमागं बघत होता, आणि तिथंच घात झाला. ओसरीत त्याची बायको जिवनबाई जावयासाठी आरसे लावलेल्या पिशवीवर भरतकाम करत बसली होती. लाल दोऱ्याचं रीळ तिच्या पायाशी पडलं होतं. गाडीनं त्याचं टोक धरलं आणि निम्मं रीळ गिळलं. मग समोरचं डावं चाक जाम झालं ते झालंच.

जिवनबाईनं दोरा कापून दिला. पण चाकाच्या मागं, दांडीला गुंडाळलेला दोरा काही निघेना. चाक खोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. “राहू द्या की,” ती म्हणाली, “जावई आल्यावर खोलतील त्यायचं ते.”

“येडी का तू? बत्तीस सालं गाडी चालवली, अन् चाक जावयाला खोलाया लावू?”

गाडीच्या डब्यात बोटभर पाना होता. प्रेमदासनं तो नटावर बसवला. इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. गाडीत ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून उजवी ती ड्रायव्हर साइड. डावीकडे क्लीनर बसतो, ती क्लीनर साइड. जगातले सगळे नट डावीकडे फिरवले की खुलतात, पण ट्रकच्या क्लीनर साइडच्या चाकांचे आटे उलटे असतात. ते उजवीकडे फिरवायचे. हे ज्याला माहीत नाही तो ड्रायव्हर नाही, असं प्रेमदासचं मत होतं आणि हे मत त्यानं हाताखालच्या सात क्लीनरांच्या गालांवर वेळोवेळी नोंदवलेलं होतं.

तेव्हा त्यानं पाना बराबर उजवीकडे फिरवला. नट थोडा सरकला आणि थांबला. त्यानं दात-ओठ खाऊन जोर लावला. नट जरासा सरकला आणि पार दगड झाला. तासाभरात पान्यावर हातोडी चालून झाली, गोडं तेल घालून झालं, घासलेटही घालून झालं. जेवणाची वेळ टळली. मग मात्र प्रेमदासनं ट्रक जिवनबाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला, रिमोट खिशात टाकला आणि मोटरसायकलीवरून वारंगा फाटा गाठला. जावई साडेचारच्या एस.टी.नं तिथंच उतरणार होता. त्याच्या आत गाडी नीट झालीच पाहिजे होती, नाहीतर पाच दिवसांनी पहिल्यांदा तोंड उघडलेला जावई जन्माचं तोंड बंद करणार होता.

फाट्यावर लालसिंगचं पंक्चरचं दुकान होतं. लालसिंग हा त्या सातांतलाच एक. आता त्याचेही केस पिकले होते, पण उस्ताद दिसले की अजूनही हातातली बिडी मागं लपवायचा. त्यानं लुगडं सोडलं, ट्रक पाहिला आणि कोणतं चाक म्हणून विचारलं.

“क्लीनर साइड,” प्रेमदास म्हणाला.

लालसिंगचा हात आपसूक डाव्या गालावर गेला. सव्वीस वर्षांपूर्वी झहीराबादच्या रस्त्यावर क्लीनर साइडचा नट सरळ फिरवताना त्याला उस्तादांनी जी ठेवून दिली होती, तेव्हापासून त्या बाजूच्या नटाला हात लावायच्या आधी तो गालाला हात लावायचा. मग त्यानं पाना घेतला आणि उजवीकडे फिरवला.

दुकानात जागा नव्हती, म्हणून काम रीतीप्रमाणं डांबराच्या कडेला घेतलं. चाक काढताना गाडी सरकू नये म्हणून मागच्या टायरांना दोन दोन दगड लावले. बंद पडलेली गाडी मागून येणाऱ्याला दिसावी म्हणून बाभळीच्या फांद्या तोडून वीस पावलं पुढं आणि वीस पावलं मागं टाकल्या. बत्तीस वर्षं जे केलं तेच केलं. आता चाळीस पावलांच्या फांद्यांच्या मधोमध दीड हाताची गाडी, तेव्हा मागून येणाऱ्याला फांद्या दिसायच्या, गाडी दिसायची नाही. तो थांबून, खाली उतरून शोधायचा.

हळदीची पोती घेऊन निघालेला दगडोबा असाच उतरला. त्यानं आधी एकच प्रश्न विचारला की बाजू कोणती, आणि क्लीनर साइड म्हटल्यावर मान हलवून केबिनमधून लोखंडी पाइप काढून आणला. बोटभर पान्याच्या दांडीत तो पाइप अडकवला, लालसिंगनं ट्रक दोन्ही गुडघ्यांत धरला, आणि दगडोबानं उजवीकडे जोर दिला. नट कुरकुरला. सगळ्यांना बरं वाटलं. नंतर कापूसवाला उतरला, मग वाळूवाला, मग ज्याच्या गाडीत काहीच नव्हतं असाही एक. किती जोर लावावा यावर प्रत्येकाचं मत वेगळं होतं. कोणत्या बाजूला लावावा यावर मात्र एकाचंही दुमत नव्हतं. इतकं एकमत फाट्यावर कोणी कधी पाहिलं नव्हतं.

“असे नट म्या लई पाहिले,” प्रेमदास जमलेल्यांना सांगत होता. “झहीराबादला एक तर छिन्नीनं तोडावा लागला. इचारा लालसिंगला.”

लालसिंगनं खाली बघून व्हय म्हटलं.

चार वाजेपर्यंत नांदेडच्या बाजूला सतरा गाड्यांची रांग लागली. तेव्हा एक हवालदार शिट्टी वाजवत आला आणि कोणाची गाडी बंद पडली म्हणून विचारू लागला. चारपाच जणांनी खाली बोट दाखवलं. हवालदारानं फांद्या पाहिल्या, दगड पाहिले, गाडी पाहिली. लोड काय आहे, असं त्यानं सवयीनं विचारलं. रिकामी आहे, असं कळल्यावर बाजूला घ्या म्हणाला.

“चाक जाम हाय साहेब,” प्रेमदास म्हणाला. “जाम चाकाची गाडी ओढली तर एक्सल जातो.”

हे बराबर होतं. हवालदाराला पटलं. ती काखेत धरूनही बाजूला नेता आली असती, हे त्या पन्नास माणसांत एकालाही सुचलं नाही. उलट हवालदारानं टोपी काढून दगडोबाला दिली आणि पाइपला स्वतः हात घातला. उजवीकडे.

साडेचारची एस.टी. रांगेत अठरावी येऊन थांबली. काय झालं म्हणून लोक उतरले, त्यात पुजा आणि स्वप्निल होते. गर्दीतून वाट काढत स्वप्निल पुढं आला, तेव्हा त्याचा ट्रक हवालदाराच्या बुटांमध्ये उताणा पडला होता.

प्रेमदासनं पुढं होऊन हात जोडले. बत्तीस वर्षांत घाटात ब्रेक गेले तेव्हासुद्धा त्यानं असे जोडले नव्हते. “जावईबापू,” तो म्हणाला, “माफ करा. चाकात दोरा गेला, अन् नट जाम झाला. सकाळपासून खोलून राहिलो.”

 स्वप्निल खाली बसला, ट्रक मांडीवर घेतला, पाना नटावर ठेवला आणि डावीकडे वळवू लागला. एकदम पन्नास माणसं ओरडली की उलटं, उलटं. हवालदारानं त्याचं मनगटच धरलं.

“याचे चारही सरळच खुलतात,” स्वप्निल हळूच म्हणाला. “तुम्ही सगळे मिळून तो घट्ट करताय.”

 सगळ्यांनी प्रेमदासकडे पाहिलं. प्रेमदासनं नटाकडे पाहिलं. सकाळपासून प्रत्येक वेळी तो थोडा सरकत होता, ते काहून सरकत होता, हे आता त्याला कळलं. त्यानं पाइप उचलून जावयाच्या हातात दिला.

“खोला सरळ.”

एकट्याच्यानं काही ते जमलं नाही, कारण नट पन्नास माणसांच्या जोरानं बसलेला होता. स्वप्निल, दगडोबा आणि हवालदार असे तिघे पाइपला लटकले, तेव्हा कुठं ‘कर्र’ झालं आणि चाक निघालं. स्वप्निलनं दोऱ्याचं टोक धरून ओढलं. पाच हात, दहा हात, दोरा निघतच राहिला. तो बोटाला गुंडाळता गुंडाळता स्वप्निल हसायला लागला, आणि मामींची पिशवी पुरी करायला एवढा पुरेल का, असं पुजाला विचारू लागला. गाडीला काही झालेलं नव्हतं. दगडोबानं पाइप केबिनमध्ये टाकला, हवालदारानं टोपी घातली, आणि कोणी कोणाकडे न बघता सगळे आपापल्या वाटेला लागले.

पुजा आणि स्वप्निल समोर चहा प्यायला गेले, आणि फांद्या उचलायला लालसिंग तेवढा मागं राहिला.

“उस्ताद,” तो म्हणाला, “झहीराबादची गाडी आठवती का? शेटनं नवी कोरी काढली व्हती. नव्या मॉडेलची.”

“मंग?”

“तिचेबी चारी सरळच व्हते.”

“तुला काय माहीत?”

“म्या अर्धा आटा खोलला व्हता. तवा तुमी हाणली, अन् मंग आपुन दोघायनं मिळून त्यो घट्ट केला. रातभर.”

प्रेमदास टायराला लावलेल्या दगडावर बसला. छिन्नी आठवली. शेटला नट कंपनीतूनच खराब आला म्हणून सांगितलेलं आठवलं. लालसिंगच्या गालावर उठलेली चार बोटं तर स्पष्ट आठवली. सव्वीस वर्षं हा माणूस त्याला चहा पाजत होता, बिडी लपवत होता.

“मंग बोलला काहून न्हाईस रे?”

“तोंड उघडलं तर दुसरी बसंल म्हनले व्हते तुमी.”

प्रेमदासला त्याच्याकडे बघवेना. चाक परत बसवायचं राहिलं होतं. त्यानं ते दांडीवर चढवलं, धुळीतला नट शोधला, धोतराला पुसला आणि लालसिंगच्या तळहातावर ठेवला.

“घे, तूच कस,” तो म्हणाला. “कोन्या बाजूनं ते मला इचारू नको.”

लालसिंगनं नट घेतला. त्याचा डावा हात सवयीनं वर जाऊ लागला, अर्ध्यात थांबला आणि खाली आला. मग त्यानं पाना लावला.