स्वाभाविक संभाषणाची दहा मिनिटं

गुरुग्रामच्या ‘स्वर्णशिखर’ सोसायटीने सर्व वाहनधारकांना कळवलं की, डॅशकॅमचं चित्र कितीही स्वच्छ असलं तरी आवाज अस्पष्ट असल्यास पुरावा अपुरा मानण्यात येईल. सबब प्रत्येक कॅमेऱ्याची ध्वनिचाचणी होईल. उत्तीर्णांना तळघरातलं पार्किंग मिळेल, अनुत्तीर्णांना पिंपळाखालचं.

त्या पिंपळावर सगळ्या सेक्टरची कबुतरं वस्तीला असत. पद्माकरची गाडी तीन आठवड्यांची होती. रोज सकाळी तो ती स्वतःच्या बनियनने पुसायचा. तळघर मिळालंच पाहिजे, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

चाचणी साधी होती. समितीचे अध्यक्ष बत्रासाहेब मागे बसणार आणि अर्जदाराने पुढे बसून दहा मिनिटं ‘स्वाभाविक संभाषण’ करायचं. आता पद्माकर आणि त्याची बायको कुमुदिनी यांचं स्वाभाविक संभाषण कसलं असतं, हे अकरा वर्षं फक्त लिफ्टला ठाऊक होतं. इकडे मराठी कुणाला कळत नाही, या एका भरवशावर दोघांनी लोकांच्या तोंडावर गोड हसत लोकांची मनसोक्त धुणी धुतली होती.

“या दुधीभोपळ्याने सीटबेल्ट का नाही लावला रे?” कुमुदिनीने लाडिक आवाजात विचारलं.

“लावत होता गं. पोटापर्यंत आला आणि पट्टा संपला.”

“वाह जी, कितनी मीठी भाषा है!” मागून बत्रासाहेब म्हणाले.

मग काय, दोघांना चेवच आला. सहाव्या मजल्यावरच्या सूदबाई फोटो निघेपर्यंतच योगासनं करतात. तिसऱ्या मजल्यावरचे मल्होत्रा कुत्र्याशी इंग्रजीत बोलतात आणि बायकोशी खुणांनी. दहा मिनिटांत अख्खा टॉवर उरकला.

‘ध्वनी स्पष्ट आहे काय?’ या रकान्यापाशी मात्र समिती अडली. न कळणारी भाषा स्पष्ट आहे हे ठरवायचं कसं? रीतसर ठराव झाला आणि दिल्लीच्या मुनिरक्यात राहून यूपीएससीची तयारी करणारी लातूरची देवयानी तज्ज्ञ म्हणून नेमली गेली.

पद्माकर धावत बत्रासाहेबांकडे गेला. “सर, मेरा माइक बिल्कुल खराब है. प्लीज, फेल कर दीजिए.”

“आप महाराष्ट्र वाले कितने विनम्र होते हो जी!” बत्रासाहेबांनी त्याची पाठ थोपटली.

देवयानी प्रामाणिक होती, त्यात परीक्षार्थी. तिने शब्दन् शब्द हिंदीत उतरवला आणि सवयीने भूमिका, मुख्य बिंदु, ‘आगे की राह’ अशी मांडणीही केली. क्लबहाउसमध्ये सर्वांसमोर तिने खणखणीत वाचायला घेतलं, “पहला बिंदु: दूधी, अर्थात माननीय अध्यक्ष.”

पट्ट्यापर्यंत येताच बत्रासाहेब उठले. “यहाँ ऑडियो साफ़ नहीं है.”

“हमें तो बिल्कुल साफ़ सुनाई दिया!” सूदबाई हसून हसून लाल झाल्या होत्या. दुसरा मुद्दा त्यांचाच निघाला. “यहाँ बहुत शोर है जी,” त्या तडकाफडकी म्हणाल्या. मल्होत्रा टाळ्या वाजवत होते, तिसऱ्या मुद्द्यापर्यंत.

दुसऱ्याबद्दलचं वाक्य प्रत्येकाला लख्ख ऐकू आलं, स्वतःबद्दलचं एकालाही नाही. समितीने प्रत्येक हरकत इमानदारीने नोंदवली. शेवटी सगळ्या हरकती जोडून पाहिल्या, तर दहाच्या दहा मिनिटं अस्पष्ट ठरली होती. पद्माकर नापास झाला.

गाडी पिंपळाखाली आली आणि संध्याकाळपर्यंत तिचा रंग ओळखू येईना. पद्माकरला रडू यायचंच बाकी होतं. लिफ्टमध्ये शिरल्यावर कुमुदिनी काही बोलणार, तेवढ्यात त्याने तिचा हात दाबला. भिंतीवर नवी सूचना होती: ‘मराठी वर्ग, दर रविवारी. शिक्षिका देवयानी. बेचाळीस प्रवेश झाले, जागा संपल्या.’

दार मिटता मिटता बत्रासाहेब आत घुसले. हातात मराठी वर्गाची करकरीत वही, पहिलंच पान भरलेलं. त्यांनी लिफ्टभर नजर फिरवली, दुसरं कुणी नाही अशी खात्री केली आणि अडखळत, पण स्पष्ट मराठीत म्हणाले, “बोला ना वहिनी. आज सूदबाईंचं काय?”

वाचकहो, सूदबाईंच्या फोटोला तुम्हीही हसलातच. तुम्हाला सगळं स्वच्छ ऐकू आलं, कारण अजून तुमचा मजला आला नव्हता.