पाणवठ्याच्या बारा प्रती

एका जंगलात, मुलांनो, एक सायाळ परत आली.

सायाळ तुम्ही पाहिली नसेल. एखाद्या गलेलठ्ठ घुशीला शिंप्यानं सुया टोचून ठेवाव्यात आणि काढायला विसरावं, तशी ती दिसते. हिचं नाव होतं दुर्वा. ती पाच वर्षं उत्तरेत शिकत होती. फार उत्तरेत. तिथे हिवाळ्यात सूर्यसुद्धा रजा टाकून घरी बसतो आणि त्याला कुणी नोटीस काढत नाही.

परतताना दुर्वाला वाटलं होतं, जंगल विचारेल, "काय शिकलीस गं?" मग ती सांगेल. लाकडाच्या फळीवर चित्र कसं कोरायचं, त्यावर शाई कशी फिरवायची, कागद ठेवून ठसा कसा उमटवायचा, आणि त्या बर्फाळ देशातले आजचे चित्रकार हे सगळं किती धीरानं करतात.

जंगलानं विचारलं, "तिकडे थंडीनं काटे गळतात म्हणे?"

तिला वाटलं होतं, तिनं आणलेले ठसे बघून आईचे डोळे भरून येतील. आईनं गुंडाळी उघडली. वरचा ठसा एका पांढऱ्या कोल्हिणीनं अख्खा हिवाळा खर्चून काढला होता. कोरा कागद. खालच्या कोपऱ्यात एक काळी रेघ.

"पुरा करायला वेळ नाही मिळाला का बिचारीला?" आई म्हणाली.

"आई, ते धुकं आहे."

"असेल. आपल्याकडे फुकट पडतं."

दुर्वा रागावली नाही. रागावलं की काटे उभे राहतात, आणि आईजवळ बसलेलं असताना ते बरं दिसत नाही. शिवाय ती प्रेमात पडलेली होती. कुणाच्या, ते विचारू नका. तुम्ही लहान आहात. ती पांढऱ्या कागदाच्या प्रेमात पडली होती. तिकडे एका सीलनं फक्त आपल्या श्वासाची वाफ कोरून तिचे ठसे काढले होते. दुर्वा त्यांच्यासमोर तासभर उभी राहून रडली होती. का रडतेस, असं तिला तिकडे कुणीही विचारलं नाही. त्या देशातली हीच गोष्ट तिला सगळ्यात जास्त आवडली होती.

तिच्या गुरू होत्या हेल्गाबाई. म्हातारी रेनडिअर, शिंगांना कायम शाई लागलेली. त्यांनी निघताना दुर्वाला जवळ बोलावलं.

"हे बघ, रंगवलेलं चित्र एकाच्याच भिंतीवर जातं," त्या म्हणाल्या. "ठशाचं तसं नाही. फळी एक, प्रती बारा. त्यातली एकही नक्कल नाही. बाराच्या बारा अस्सल. राजाच्या घरी जी, तीच उंदराच्या बिळात. प्रत्येकीच्या खाली शिसपेन्सिलीनं आकडा घालायचा, बारांपैकी कितवी ते. आणि तो आकडा कधी खोटा लिहायचा नाही. खोटा आकडा लिहिणारा ठसेकार म्हणजे स्वतःच्याच दुधात पाणी घालणारी गाय. कळलं?"

"कळलं, बाई."

"बारा घरांत तुझं चित्र लागलं की मला पत्र पाठव."

हे वचन देऊन दुर्वा आली होती. आईच्या धुक्यानं ती थोडीच विरघळणार?

ती कामाला लागली. सागाची एक पडलेली फळी तिनं निवडली. मोठं कोरकाम तिनं दातांनी केलं. सायाळीला लाकूड कुरतडायला शिकवावं लागत नाही. बारीक रेघा स्वतःच्या काट्यानं ओढल्या. चित्र होतं जंगलातल्या पाणवठ्याचं, पहाटेच्या धुक्यातलं. किनाऱ्याची एकच रेघ. बाकी सागाच्या अंगावरच्या ज्या नैसर्गिक लाटा असतात, त्याच पाण्याच्या लाटा. मध्ये लाकडात एक गाठ होती. ती तिनं तशीच ठेवली. लाकडाशी भांडू नये, असं हेल्गाबाई म्हणत.

काजळी आणि करंजाचं तेल खलून तिनं शाई केली. कागद तिकडून आणलेले होते, मोजून बारा. अडलं ते दाबण्यापाशी. तिकडे त्यासाठी चाकाचं मोठं लोखंडी यंत्र होतं. इथे गजाकाका होते.

गजाकाका म्हणजे जंगलातले निवृत्त हत्ती. दिवसभर बसून असत.

"काका, तुम्ही जरा इथे या फळीवर बसाल?"

"मी बसतोच की. कुठंही बसतो. पण बसून काय होईल?"

"कला होईल, काका."

"बसून? आधी का नाही सांगितलंस? चाळीस वर्षं वाया गेली माझी."

गजाकाका बारा वेळा बसले आणि बारा वेळा उठले. बारा सुंदर ठसे उमटले. दुर्वानं प्रत्येकाखाली पेन्सिलीनं हळूच लिहिलं: १/१२, २/१२, ३/१२.

मग प्रदर्शन झालं. तिला हवी होती शांतता. जंगलानं नारळ फोडला. चार भाषणं झाली. एका वानरानं तर चित्राला झेंडूचा हार घातला. तो बघून दोन हरणी रडायलाच लागल्या, कारण त्यांना वाटलं पाणवठा गेला.

"यात वाघोबा कुठे आहेत?" रानडुकरानं विचारलं.

"नाहीत. धुकं आहे."

"म्हणजे धुक्यामागं आहेत. हुशार आहेस. राजाला दाखवायचं नाही आणि नाही असंही म्हणायचं नाही."

दुर्वानं आनंदानं चित्रं वाटून टाकली. जो समोर आला त्याला हातात येईल ती प्रत. मुंगूस सगळ्यात पुढे उभं होतं, त्याला पहिली मिळाली. वाघोबा जेवून उशिरा आले, त्यांना सातवी. सगळ्यात शेवटी, टाळ्या संपून झाडलोट चालू असताना, कासवकाकू पोचल्या. त्यांना बारावी.

कासवकाकू पाणवठ्यातच राहत. तळाशी. त्यांनी चित्र हातात घेतलं आणि डोळ्यांजवळ नेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळलं.

"आवडलं नाही का, काकू?"

"अगं, मी हे पाणी जन्मभर आतून बघतेय," काकू म्हणाल्या. "वरून असं दिसतं होय ते?"

दुर्वाला त्या सीलच्या श्वासाची आठवण झाली. पाच वर्षांचं शिक्षण वसूल झालं, असं तिला वाटलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती, मुलांनो. पण त्या जंगलात धनेशराव होते.

धनेश हा मोठ्या चोचीचा पक्षी. त्या चोचीवर आणखी एक चोचीसारखं शिंग असतं. इतकं सगळं डोक्यावर वागवायचं तर मानपानाची जाण लागतेच. कुणाच्या लग्नात कुणी पुढे बसायचं, पहिला विडा कुणाला, हे सगळं धनेशराव सांगत. ते चित्राकडे बघायला आले आणि त्यांना चित्राखाली आकडा दिसला.

"अरेरे!" ते ओरडले. "मुंगसाला पहिला? आणि महाराजांना सातवा?"

"धनेशराव, तो मानाचा आकडा नाही," दुर्वा म्हणाली. "सगळी चित्रं सारखीच आहेत."

"पोरी, सारखी असती तर आकडे कशाला घातले असतेस? तू शिकलेली आहेस, पण अडाणी नाहीस."

तासाभरात मुंगसाची प्रत वाघोबांकडे गेली आणि वाघोबांची मुंगसाकडे. मुंगूस आधी फणफणलं. मग आपल्या प्रतीखालचा ७/१२ वाचून शांत झालं. "पहिला मान गेला तर गेला," ते म्हणालं. "सातबारा तर आपल्या नावावर आहे!"

बाकीच्यांच्या अदलाबदली चार दिवस चालल्या. रानडुक्कर दुसरा झाला. गजाकाका हटून बसले, "बाराही चित्रांवर माझीच बैठक आहे, मी तिसरा कसा?" पण तिसरेच झाले. कासवकाकूंशी कुणी अदलाबदल केली नाही. त्यांना चालत येऊन भांडायला वेळच मिळाला नाही.

मग धनेशरावांनी विचार केला. चित्र कशाचं? पाणवठ्याचं. खाली काय आहे? आकडा. म्हणजे पाणवठ्यावरचा आकडा. यात न समजण्यासारखं काय आहे? त्यांनी फर्मान काढलं, की यापुढे ज्याच्या चित्राखाली जो आकडा, त्या क्रमानं त्यानं पाण्यावर यायचं. ज्याच्याकडे चित्रच नाही, त्यानं बाराव्यानंतर.

त्या जंगलात याआधी पाण्याला रांग नव्हती. ज्याला तहान लागे तो पाणी पिई. वाघोबा आले की सगळे बाजूला होत, पण तो मान नव्हता. ती नुसती भीती होती, आणि भीती पाच मिनिटांत पाणी पिऊन निघून जाते. मान तसा जात नाही. मान आंघोळ करतो. वाघोबा पहिले म्हणून सकाळभर पाण्यात बसू लागले. दुसरा म्हणून रानडुक्कर दुपारपर्यंत लोळू लागला. गजाकाका तिसरे. त्यांच्यानंतर पाणी उरेच असं नाही.

आणि कासवकाकूंना पाण्याबाहेर काढण्यात आलं. त्या तिथेच राहतात, हे धनेशरावांना मान्य होतं. पण त्यांचा नंबर बारावा होता. आणि दिवस वैशाखाचे होते.

दुर्वा धावत वाघोबांकडे गेली.

"महाराज, तुमची प्रत आणि काकूंची प्रत एकच आहे हो! एकाच फळीची, एकाच शाईची. शपथ घेते."

"आम्हाला मान्य आहे," वाघोबा पाण्यात पाय पसरून म्हणाले. "सगळ्या प्रती एकसारख्या आहेत. त्यातली आमची पहिली आहे, एवढंच."

"पण आकड्याला काही अर्थ नाही!"

"मग तुझ्या त्या बाईंनी घालायला का सांगितला?"

दुर्वाचे काटे उभे राहिले. वाघोबांनी ते पाहिले आणि ते जरा खोल पाण्यात सरकले.

संध्याकाळी ती काकूंना शोधायला गेली. त्या करवंदीच्या जाळीखाली होत्या. पाठीवरची माती वाळून तडकली होती. डोळे निम्मे मिटले होते. दुर्वानं द्रोणात आणलेलं चार घोट पाणी त्यांना पाजलं. त्यांच्या शेजारी तो बारावा ठसा दगडाला टेकवून ठेवला होता.

"काकू, माझ्यामुळे झालं हे."

"हो, तुझ्यामुळेच," काकू म्हणाल्या. त्या खोटं बोलत नसत. खोट्यासाठी फार घाई करावी लागते. "पण चित्र चांगलं आहे. हे बघ, इथं पाणी जरा गोल फिरलंय ना? याच्या बरोबर खाली माझं घर आहे. तुला कसं कळलं?"

ती सागाची गाठ होती. दुर्वानं ती फक्त खोडली नव्हती, इतकंच. पण तिनं ते सांगितलं नाही.

"उद्याचा दिवस निघेल का, काकू?"

"उद्याचा निघेल. परवाचं विचारू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्वा उठली. तिच्या मनात एका बाजूला हेल्गाबाई होत्या, त्यांच्या शाईच्या शिंगांसकट. खोटा आकडा कधी लिहायचा नाही. पाच वर्षांत तिनं इतकं कुणाचंच ऐकलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला एक तडकलेली पाठ होती. खरं सांगून पाहिलं होतं. खरं सगळ्यांना मान्य होतं, आणि तरीही काकू पाण्याबाहेर होत्या.

तिनं पेन्सिलीला टोक केलं. खोडरबर घेतलं. निर्णय झाला होता.

आधी ती रानडुकराकडे गेली. "भाऊ, जरा चित्र द्या. शाई पक्की करायची राहिलीय." तिनं पाठ फिरवली, २ खोडला, १ लिहिला, आणि चित्र परत देताना त्याच्या कानाशी लागली. "भाऊ, माझीच चूक झाली होती. खरी पहिली प्रत ही. महाराजांकडची आपली अशीच. पण कुणाला बोलू नका हं, त्यांना वाईट वाटेल."

रानडुकराचे डोळे भरून आले. "मला आधीच वाटलं होतं," तो म्हणाला. "चित्र बघूनच कळतं."

मग गजाकाका. मग मुंगूस. सातबारा गेला म्हटल्यावर त्यानं मात्र दोनदा विचार केला. सगळ्यांना आधीच वाटलं होतं. सगळ्यांना चित्र बघूनच कळलं होतं. धनेशरावांकडे चौथी प्रत होती. त्यांनी आपला नवा आकडा वाचला, चोच तीनदा साफ केली आणि म्हणाले, "रांगेचा फार आग्रह धरू नये म्हणतो मी. मोठ्यांनी मोठेपणा दाखवावा."

दुपारी सगळे एकदमच पाण्यावर आले. प्रत्येक जण बाकीच्यांकडे बघून दयाळूपणानं हसत होता. पिऊ देत बिचाऱ्यांना. वाघोबांना वाटलं, जंगलात एकाएकी सगळे आपल्यावर फार प्रेम करू लागले आहेत. ते लाजून लवकर उठले.

शेवटी दुर्वा काकूंना कडेवर घेऊन आली. एका हातात त्यांचं चित्र होतं.

"काकू, तुमच्यावर पण एक लिहू?"

"नको गं. आहे तो खोडून टाक," काकू म्हणाल्या. "तेवढंच पाणी जास्त दिसेल." आणि त्या बुडाल्या, बरोबर गाठीच्या खाली.

त्याच दिवशी दुर्वानं पत्र लिहिलं. "हेल्गाबाई, तुमच्या आशीर्वादानं बारा घरांत चित्र लागलं. राजाच्या घरी जे, तेच मुंगसाच्या बिळात. सगळे एकत्र पाणी पितात. आकड्यांविषयी मात्र काही विचारू नका."

तात्पर्य: सगळे सारखे आहेत, असं कुणाला कधी सांगू नये, त्यानं भांडणं होतात. प्रत्येकाला एकेकटं गाठून सांगावं, की पहिला तूच. पाणी सगळ्यांना मिळतं.