डोक्यामागचे डोळे

बायको वारल्यावर स्टोअरकीपर काका कामावर परत आले, त्या सोमवारी त्यांनी तिनं विणलेला स्वेटर उलटा घातला होता. त्याच दिवशी कचेरीत परिपत्रक लागलं: कर्मचाऱ्यांची निरीक्षणशक्ती समाधानकारक नाही, सबब सर्वांनी प्रशिक्षण घ्यावे. नापास होणाऱ्याची खुर्ची तळघरात हलवण्यात येईल.

काकांची खुर्ची खिडकीशी होती. समोरच्या बसथांब्यावर संध्याकाळी बायको भाजीची पिशवी घेऊन उभी राहायची. ती खुर्ची त्यांना सोडायची नव्हती.

प्रशिक्षक म्हणाले, "इंग्रजीत म्हणतात, डोक्याच्या मागे डोळे असणं. म्हणजे पाठ फिरलेली असली तरी ज्याच्या नजरेतून काही सुटत नाही, असा माणूस. हे आलं कुठून, यावर वाद आहे. मला विचाराल तर, फळ्यावर लिहितालिहिता न वळता खोडकर पोराचं नाव घेणाऱ्या मास्तरापासून आलं."

"आमच्या सासूबाईंना भिंतीपलीकडचंही दिसतं," टायपिस्ट बाई म्हणाल्या. "बोलावू का शिकवायला?"

काकांना ओट्याशी पाठमोरी उभी असलेली बायको आठवली. "बूट काढा आधी. आणि साहेबांशी वाजलंय का आज?" असं ती न वळताच विचारायची.

सरावासाठी सगळ्या खुर्च्या भिंतीकडे तोंड करून मांडल्या. लोक कामं घेऊन यायचे, नुसत्या पाठी बघून परत जायचे. अहवाल गेला: एकही तक्रार प्रलंबित नाही. मात्र वळून वळून बघताना हेडक्लार्कची मान लचकली, तेव्हा भिंतीवर माणशी एक आरसा मंजूर झाला. त्यात हेडक्लार्क टक्कल झाकू लागले.

शनिवारी परीक्षा झाली. प्रशिक्षक मागून हातात वस्तू घेऊन जायचे, आरशात बघून ती ओळखायची.

"छत्री!" टायपिस्ट बाई पास.

"कुलूप!" हेडक्लार्क मानेच्या पट्ट्यासकट पास.

"काका, काय दिसतंय?"

काकांनी आठवड्यात पहिल्यांदाच आरशात नीट पाहिलं. खांद्यावर लोकरीच्या गाठी लोंबत होत्या.

"माझा स्वेटर उलटा आहे."

"अहो, स्वतःचं काय सांगताय? मागचं सांगा."

"ती असती तर दारातच थांबवलं असतं मला."

"ती कोण?" प्रशिक्षकांनी विचारलं.

सगळे आरशांतून एकमेकांकडे बघू लागले. शेवटी टायपिस्ट बाई म्हणाल्या, "काका, तुमची रजा कशाची होती हो?"

प्रशिक्षकांनी शेरा मारला: अनुत्तीर्ण, लक्ष विचलित.

काकांची खुर्ची तळघरात गेली. बाकी सगळ्यांना तीक्ष्ण नजरेची प्रमाणपत्रं मिळाली.

पहिल्याच वाक्यात बायको वारल्याचं सांगितलं होतं. तुम्ही स्वेटरला हसलात. तुमचंही प्रमाणपत्र तयार आहे, सही करून घेऊन जा.